मराठी मजकूर ब्रेलमध्ये नेताना: टिंबांचे कोड, टेबल आणि नेहमी होणारे घोळ

फोंड्याला आमच्या वाड्यावर एक काका आहेत, भजनी मंडळात पेटी वाजवतात. लहानपणापासून त्यांना दिसत नाही, ब्रेल शाळेत शिकले आणि आजही रोज वाचतात. मागच्या वर्षी त्यांच्या एका कामासाठी त्यांना घेऊन मी एका ऑफिसात गेले होते (कुठलं ते राहू दे), तिथे दाराशेजारी नवीकोरी पाटी, वर देवनागरीत नाव आणि खाली ब्रेलची टिंबं. मला इतकं बरं वाटलं, म्हटलं काका, बघा तरी, तुमच्यासाठी लावलीय. त्यांनी बोट फिरवलं, परत एकदा फिरवलं, मग म्हणाले, "बाय, हांगा सगळे ढच बरयल्यात गो."

मी जवळ जाऊन बघितलं तर खरंच तसं होतं. ब्रेलच्या एका सेलमध्ये सहा टिंबांची जागा असते, दोन उभ्या रांगा, तीन-तीन टिंबांच्या. त्यातली कुठली वर उठलेली आणि कुठली सपाट यावरून अक्षर ठरतं, आणि सहाच्या सहा उठलेली असली की भारती ब्रेलमध्ये, म्हणजे आपल्या भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, तो ढ. काही ब्रेल फॉन्टमध्ये उठलेलं टिंब भरीव काळं दिसतं आणि न उठलेल्या टिंबाच्या जागी बारीक पोकळ गोल काढलेला असतो, डोळस माणसाला मोजायला सोपं जावं म्हणून. पाटी कोरणाऱ्याने ते पोकळ गोलसुद्धा उठवून टाकले होते. डोळ्यांना फरक दिसत होता, एक टिंब जाड आणि एक बारीक कडीसारखं, पण बोटाला सगळी सारखीच लागतात. पाटीवर खर्च झाला, चांगल्या मनाने झाला, आणि ज्याच्यासाठी झाला त्याला ढ ढ ढ.

२०२३ च्या जानेवारीत पणजीला पहिला पर्पल फेस्ट (दिव्यांगांसाठीचा महोत्सव) झाला, त्यानंतर मला ब्रेलबद्दल विचारणारे वाढलेत, कुणाला वाचनालयाच्या कपाटांना लेबलं लावायचीत, कुणाला हॉटेलचं मेनूकार्ड करायचंय, कुणी कॉलेजच्या प्रोजेक्टला कन्व्हर्टर, म्हणजे मजकुराचं ब्रेल करून देणारा प्रोग्राम, बनवतंय. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते, जरा लांबेल, पण घाई करू नका, कारण घोळ सगळे मधल्या पायऱ्यांवरच होतात.

आधी हे वेगळं करा: भाषा, नियम आणि टिंबं

ब्रेल म्हणताना आपण तीन गोष्टी एकात कालवतो. एक म्हणजे तुमचा मजकूर, समजा "गोवा" हा शब्द. दुसरा म्हणजे नियम, की मराठीत ग साठी कुठली टिंबं आणि ओ साठी कुठली, तो नियम म्हणजे भारती ब्रेल, १९५१ मध्ये ठरलं, त्याआधी आपल्याकडे वेगवेगळ्या भागात वेगवेगळ्या ब्रेल पद्धती होत्या, मग सगळ्या भारतीय भाषांना एकच पाया मिळाला. आणि तिसरी गोष्ट म्हणजे नुसती टिंबं, कुठली उठली आणि कुठली नाही एवढंच.

कॉम्प्युटरच्या युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला एकेक नंबर देणारी यादी) "ब्रेल पॅटर्न्स" नावाचा जो भाग आहे त्यात फक्त ही तिसरी गोष्ट आहे. १९९९ मध्ये युनिकोड ३.० मध्ये तो आला, त्यात २५६ चिन्हं, आणि त्यातल्या एकाचंही नाव "क" किंवा "ख" असं नाही. नावं अशी की "ब्रेल पॅटर्न डॉट्स १३", "ब्रेल पॅटर्न डॉट्स १२४५". म्हणजे युनिकोडला हे चिन्ह कुठल्या भाषेतलं आहे ते माहीतच नाही, आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय, कारण तीच टिंबं इंग्लिशमध्ये एक, फ्रेंचमध्ये दुसरं, मराठीत तिसरं आणि संगीताच्या नोटेशनमध्ये चौथंच काहीतरी सांगतात.

हे एक डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. टिंबांच्या फाइलमध्ये तुमची मराठी उरत नाही. म्हणून मूळ मजकूर कायम देवनागरी युनिकोडमध्ये सांभाळून ठेवायचा आणि टिंबं अगदी शेवटी काढायची.

टिंबाचा कोड हाताने काढायचा कसा

टिंबांना नंबर असतात. डाव्या रांगेत वरून खाली १, २, ३ आणि उजव्या रांगेत वरून खाली ४, ५, ६. कॉम्प्युटरवरच्या ब्रेलसाठी खाली आणखी एक ओळ जोडली, तिथे डावीकडे ७ आणि उजवीकडे ८. नंबर असे उडी मारून का दिलेत असं कुणालाही वाटेल, पण सहा टिंबांचे नंबर आधीपासून लोकांच्या तोंडात बसलेले होते, ते न हलवता नवीन दोन शेवटी लावले.

आता प्रत्येक टिंबाला एक किंमत द्यायची. पहिल्याची १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, चौथ्याची ८, पाचव्याची १६, सहाव्याची ३२, सातव्याची ६४, आठव्याची १२८. जी टिंबं उठलेली आहेत त्यांच्या किमतींची बेरीज करायची आणि ती १०२४० मध्ये मिळवायची, झाला तुमचा युनिकोड नंबर. १०२४० म्हणजे प्रोग्रामर लोक ज्याला यू+२८०० म्हणतात तोच आकडा, साध्या दशमान पद्धतीत.

गोवा करून बघू.

ग म्हणजे टिंबं १, २, ४, ५. बेरीज १+२+८+१६ = २७, म्हणजे १०२६७, चिन्ह ⠛
ओ म्हणजे १, ३, ५. बेरीज १+४+१६ = २१, म्हणजे १०२६१, चिन्ह ⠕
व म्हणजे १, २, ३, ६. बेरीज १+२+४+३२ = ३९, म्हणजे १०२७९, चिन्ह ⠧
आ म्हणजे ३, ४, ५. बेरीज ४+८+१६ = २८, म्हणजे १०२६८, चिन्ह ⠜

जोडून ⠛⠕⠧⠜. एक्सेलमध्ये युनिचार नावाचा फॉर्म्युला आहे (टाइप अर्थात इंग्लिशमध्ये करायचा), त्याच्या कंसात १०२४० अधिक बेरीज दिली की चिन्ह सेलमध्ये येतं, पायथनमध्ये हेच काम सीएचआर करतं. मुलांना शिकवायला एक्सेलचं शीट फार छान, सहा रकान्यात ० किंवा १ टाकायचं आणि सातव्यात ब्रेल उमटतं, मी वाचनालयात सुट्टीतल्या मुलांना हे करून दाखवलं होतं तेव्हा अर्ध्या तासात पोरं आपापली नावं लिहायला लागली.

सहा टिंबांचे सगळे मिळून ६४ प्रकार होतात, रिकामा सेल धरून, आणि ७-८ च्या किमती सगळ्यात मोठ्या असल्यामुळे हे ६४ प्रकार त्या २५६ मध्ये सगळ्यात आधी सलग येतात. तुमच्या मराठी पाटीच्या मजकुरात १०३०३ च्या वरचा कोड दिसला तर समजायचं की कुठेतरी सातवं-आठवं टिंब शिरलंय. ब्रेल डिस्प्लेवर (कॉम्प्युटरला जोडायचं, टिंबं वर-खाली होणारं यंत्र) कर्सर दाखवायला ती दोन टिंबं वापरतात, तिथे ती बरोबरच आहेत, पाटीवर नकोत.

भारती ब्रेल उच्चाराप्रमाणे चालतं

आता नियमांकडे. इथे मी जरा वेळ घेणार आहे कारण आपल्या देवनागरीचा जो दिसायचा क्रम आहे तो आणि ब्रेलचा क्रम वेगळा आहे आणि हौशी कन्व्हर्टर इथेच आपटतात.

भारती ब्रेलमध्ये काना, मात्रा, वेलांटी असं काही वेगळं नाही. "का" लिहायचं तर क आणि पुढे आख्खा आ. "कि" लिहायचं तर क आणि पुढे इ, म्हणजे ⠅⠊. छापील देवनागरीत पहिली वेलांटी क च्या आधी दिसते पण आपण क आधी उच्चारतो ना, ब्रेलमध्ये तसंच, आणि गंमत म्हणजे युनिकोड देवनागरीतही मेमरीत क आधी आणि वेलांटी नंतरच साठवलेली असते, स्क्रीनवर फक्त ती क च्या आधी काढून दाखवतात. म्हणून इथे सरळ अक्षरामागून अक्षर बदललं तरी चालून जातं. नुसत्या "क" मधला अ लिहायचा नसतो, पण "कई" सारख्या शब्दात क च्या पुढे सुटा स्वर येतो तिथे मध्ये अ लिहावाच लागतो, ⠅⠁⠔, नाहीतर तो "की" होईल.

जोडाक्षरात मात्र क्रम खरोखर बदलतो. हलन्त म्हणजे पाय मोडल्याची खूण, ब्रेलमध्ये चौथं टिंब, ⠈. युनिकोड देवनागरीत ती मोडलेल्या अक्षराच्या नंतर येते, ब्रेलमध्ये आधी. म्हापसा घ्या. कॉम्प्युटरच्या मेमरीत म, हलन्त, ह, काना, प, स, काना असं आहे. ब्रेलमध्ये आधी हलन्त, मग म, मग ह, आ, प, स, आ, म्हणजे ⠈⠍⠓⠜⠏⠎⠜. बोट डावीकडून उजवीकडे जातं, वाचणाऱ्याला आधीच कळतं की पुढचं अक्षर अर्धं आहे. तुम्ही नुसता शोधा-आणि-बदला केलात तर हलन्त म च्या नंतर राहील आणि वाचणाऱ्याला "मह्" सारखं काहीतरी लागेल. "कार्य" मधला रफारही असाच, छपाईत तो य च्या डोक्यावर बसतो, ब्रेलमध्ये ⠅⠜⠈⠗⠽, अर्धा र आणि मग य, सरळ उच्चारल्यासारखं. क्ष आणि ज्ञ यांना मात्र स्वतःचा एकेक सेल आहे, ⠟ आणि ⠱, ते मोडून लिहायचे नाहीत.

अनुस्वार म्हणजे ५ आणि ६, ⠰, तो अक्षराच्या आणि त्याच्या स्वराच्या नंतर. फोंडा म्हणजे ⠖⠕⠰⠫⠜.

आणि आता पणजी. हा शब्द मी प्रत्येक नवीन कन्व्हर्टरला परीक्षेला देते. ⠏⠼⠚⠔ असं त्याचं ब्रेल. यातला ⠼ म्हणजे ण, टिंबं ३४५६. पण हेच चिन्ह आकड्यांच्या आधीही लावतात, "आता पुढे अंक येतायत" हे सांगायला, आणि त्यानंतर इंग्लिशच्या ए पासून जे पर्यंतच्या अक्षरांचीच टिंबं १ ते ९ आणि ० होतात. उदाहरणार्थ १९६१, आपल्या मुक्तीचं साल, ⠼⠁⠊⠋⠁ असं लिहितात. आता पणजीमध्ये ण च्या पुढे ज आहे, ज ची टिंबं २४५, आणि अंकात २४५ म्हणजे शून्य. ब्रेलमधून परत मराठी काढणारा प्रोग्राम बावळट असेल तर पणजीचं "प०ई" करून देतो. वाचणारा माणूस कधीच चुकत नाही, कारण मराठीत शब्दाची सुरुवात ण ने होत नाही, शब्दाच्या सुरुवातीला ⠼ आलं तर अंक आणि मध्ये आलं तर ण. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी एवढी एक अट घातली तरी पुष्कळ काम होतं.

कुठल्या टेबलने वाचताय ते फार महत्त्वाचं

टेबल म्हणजे कुठल्या अक्षराची कुठली टिंबं याची यादी. भारती ब्रेल करताना उच्चार जुळेल तिथे इंग्लिश ब्रेलचीच टिंबं ठेवलीत. क आणि के एक, ल आणि एल एक. इंग्लिशच्या जोड-खुणाही घेतल्यात, एसएच ची खूण ⠩ आपला श, सीएच ची ⠡ आपला छ, टीएच ची ⠹ आपला थ, जीएच ची ⠣ आपला घ. शिकणाऱ्याला हे फार सोयीचं. पण याचाच अर्थ असा की नुसती टिंबं बघून भाषा ओळखता येत नाही. आपलं ⠛⠕⠧⠜ इंग्लिशच्या संक्षिप्त ब्रेलच्या टेबलने वाचलं तर पहिली तीन जी, ओ, व्ही आणि शेवटचं ⠜ म्हणजे तिथे "एआर" ची खूण, त्यामुळे गोवाचं "गोवर" होतं. टिंब एकही चुकलेलं नाही, टेबल चुकलंय.

आपल्याकडे गोव्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. मराठी आणि देवनागरी कोंकणी दोन्ही भारती ब्रेलमध्ये जातात, "गोंय" म्हणजे ⠛⠕⠰⠽. पण कुणी रोमी कोंकणीतला मजकूर दिला तर ती लिपीच रोमन, तो देवनागरीच्या टेबलमधून घातलात तर काहीही निघेल. तेव्हा मजकूर हातात आला की आधी लिपी बघा, वाचणारा कुठलं ब्रेल शिकलाय ते त्यालाच विचारा, आणि मग टेबल निवडा.

प्रत्यक्ष काम

हाताने टिंबं मोजणं समजून घेण्यापुरतं. पानभर मजकूर असेल तर लिबलुई हा मजकुराचं ब्रेल करणारा प्रोग्राम वापरा, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००२ पासून लोक त्यावर काम करतायत, आणि बहुतेक स्क्रीन रीडरच्या (स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या) पोटात तेच असतं. त्यात प्रत्येक भाषेचं एक टेबल असतं, मराठीच्या टेबलच्या फाइलचं नाव एमआर-आयएन-जी१. कमांड लाइनवरून वापरणार असाल तर टेबलच्या नावाआधी "युनिकोड डॉट डिस" हे डिस्प्ले टेबल स्वल्पविराम देऊन लावा, म्हणजे आउटपुट थेट युनिकोड टिंबांत मिळतं, नाहीतर इंग्लिश अक्षरांची खिचडी दिसते आणि माणूस घाबरतो.

कमांड लाइन नको असेल तर विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर घाला, तोही फुकट. त्याच्या सेटिंग्जमध्ये ब्रेलच्या पानावर आउटपुट टेबल मराठी निवडा आणि टूल्स मेनूतून ब्रेल व्ह्यूअर चालू करा, ब्रेल डिस्प्ले विकत न घेताही स्क्रीनवर टिंबं दिसतात. शब्दावर कर्सर नेला की त्याचं ब्रेल लगेच समोर. मी पाटीचा मजकूर आधी इथे तपासते.

लिबलुईत मजकूर टाकायच्या आधी मात्र देवनागरी साफ करून घ्यावी लागते, आणि खरं सांगते, निम्मा वेळ यातच जातो.

पहिलं म्हणजे जुने डीटीपीचे फॉन्ट. प्रेसमधून आलेली फाइल उघडली तर मराठी दिसते पण फॉन्ट बदलला की इंग्लिश कचरा, हे तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. ती खरी मराठी नाहीच, इंग्लिश अक्षरांना मराठीचा मुखवटा. कन्व्हर्टरला मुखवटा दिसत नाही, तो खालच्या इंग्लिश अक्षरांचंच ब्रेल करतो. आधी युनिकोडमध्ये आणा, मग एकदा डोळ्याखालून घाला, रफार आणि वेलांट्या हमखास हललेल्या असतात. काही जण ब्रेलच्या बाबतीतही हेच करतात, ब्रेलसारखा दिसणारा फॉन्ट इंग्लिश अक्षरांवर लावतात, तेही नको.

दुसरं, दिसायला एक पण आत वेगळं. "गावकऱ्यांना" मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखे. तसंच ॲ, हा एकच कॅरॅक्टर म्हणून युनिकोडमध्ये २००८ ला आला, त्यामुळे जुन्या फाइलींमध्ये अ च्या पुढे चंद्र सुटा टाकलेला असतो. टेबलला एक प्रकार माहीत असतो आणि दुसरा नसतो. लिबलुईला कॅरॅक्टर ओळखता आला नाही तर त्या जागी तो त्याचा कोड नंबरच ब्रेलमध्ये लिहून टाकतो, शब्दाच्या मध्येच विचित्र सेलची रांग, म्हणून आउटपुटमध्ये एखादा शब्द अचानक लांब झालेला दिसला की तिथे थांबा.

तिसरं, रिकामा सेल. ब्रेलमध्ये रिकाम्या सेललाही स्वतःचा कोड आहे, १०२४०, आणि तो आपला नेहमीचा स्पेस नाही. दिसायला रिकामा पण कॉम्प्युटरच्या लेखी ते एक चिन्ह. पायथनला त्या जागी शब्द तोडायला सांगितलं तर तोडत नाही, कडेचे स्पेस कापले तर हे कापलं जात नाही. एका प्रोजेक्टमध्ये पोरांचं आख्खं पान एकच शब्द म्हणून येत होतं ते याच्यामुळेच. फाइलभर एकच काहीतरी वापरा, एकतर साधा स्पेस किंवा रिकामा सेल, मिसळू नका.

बीआरएफ फाइल उघडली आणि कचरा दिसला तर

कुणी ब्रेलची फाइल पाठवली, शेवटी डॉट बीआरएफ, आणि नोटपॅडमध्ये उघडली तर इंग्लिश अक्षरं, हॅश, ब्रॅकेट यांचा गोंधळ. फाइल बिघडलेली नाही. युनिकोडच्या खूप आधीपासून ब्रेल प्रिंटर, ज्याला एम्बॉसर म्हणतात, ते साध्या आस्की (कॉम्प्युटरच्या जुन्या इंग्लिश कोडमधल्या) अक्षरांवर चालतात. ६४ प्रकारांना ६४ आस्की चिन्हं वाटून दिलीत. त्यात आपली पणजी म्हणजे पी, हॅश, जे, ९ अशी दिसते, आणि गोवा म्हणजे जी, ओ, व्ही आणि ग्रेटर-दॅनची खूण. एम्बॉसर ते वाचून बरोबर टिंबं उठवतो.

बीआरएफमध्ये पानाची मांडणीही गोठलेली असते, साधारण ४० सेलची ओळ आणि २५ ओळींचं पान. तुमचा एम्बॉसर लहान कागदावर चालत असेल तर ओळी मध्येच तुटतात, म्हणून ज्याच्याकडे छापणार त्याला आधी फोन करून ओळीत किती सेल बसतात ते विचारा आणि तेवढ्यावरच फाइल काढा. आकाराने मात्र ही फाइल हलकी, एका सेलला एक बाइट, युनिकोडमध्ये यूटीएफ-८ ने तोच सेल तीन बाइट घेतो. पीईएफ नावाचा एक नवा प्रकारही आहे, तो युनिकोड टिंबं वापरतो, पण प्रिंटर जुना असेल तर बीआरएफच द्यावी लागते.

पाटी कोरायला देताना

साध्या प्रिंटरवर ब्रेल छापून काही उपयोग नाही हे सांगायची गरज नसावी, पण तरी सांगते, कागद बोटाला गुळगुळीतच लागतो.

कोरणाऱ्याला वर्डची फाइल देऊ नका. त्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की दुसराच बसतो आणि मग पोकळ गोलांचा घोळ. भरीव टिंबंच असलेलं ड्रॉइंग पीडीएफमध्ये द्या, आणि फॉन्ट ताणून मोठा करू नका. ब्रेलचा आकार बोटाच्या टोकावर ठरतो, एका सेलमधल्या दोन टिंबांत साधारण अडीच मिलिमीटर, एका सेलपासून पुढच्या सेलपर्यंत साधारण सहा. पाटी मोठी म्हणून टिंबं मोठी केलीत तर एक अक्षर एका बोटाखाली मावत नाही आणि वाचताच येत नाही.

सोबत कागदावर प्रत्येक अक्षराचे टिंबांचे नंबर लिहून द्या: १२४५, १३५, १२३६, ३४५. कोरणाऱ्याला ब्रेल येत नसलं तरी तो मोजून ताडून बघू शकतो. आणि साचा मागून दाबायचा असेल तर उलट-सुलट होतं, तेही आधी बोला. गोवा आरशात उलटा झाला तर ⠣⠼⠪⠛ लागतो, म्हणजे घ, ण, औ, ग. पाटीवर वरची बाजू कुठली त्याची खूणही करा, कारण पोकळ गोल नसले तरी पाटी उलटी लागली की सगळं गेलं.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर

दिसत नसलेल्या मित्राला मेसेजमध्ये ब्रेलची टिंबं पेस्ट करून पाठवू नका. प्रेमाने पाठवता ते कळतं, पण त्याचा फोन साधी मराठी वाचून दाखवतो, आणि ब्रेल डिस्प्ले जोडलेला असेल तर तीच मराठी त्याच्या पसंतीच्या टेबलने आपोआप टिंबांत येते. तुम्ही टिंबं पाठवलीत तर फोन "ब्रेल पॅटर्न डॉट्स" असं काहीतरी बोलत बसतो किंवा गप्प राहतो. साधी, शुद्ध, युनिकोड मराठी लिहा. इन्स्टावर नाव सजवायला ब्रेल चिन्हं वापरतात त्यांनाही हेच सांगणं.

यंदा चवथीला आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाची पत्रिका ब्रेलमध्ये काढली. देवनागरी फाइल मी दोनदा तपासली, टेबल मराठीचं, ओळी एम्बॉसरच्या मापाच्या, तरी काकांना पहिली प्रत दिली तेव्हा तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. "ऑगस्ट" मध्ये कुणीतरी अ टाइप करून पुढे चंद्राचा काना सुटा लावला होता, स्क्रीनवर अगदी ऑ सारखा, कागदावर मात्र दोन वेगळे सेल. काकांनी सांगितलं इथे अ जास्तीचा आलाय. मी देवनागरी फाइलमध्ये ते एक अक्षर बदललं, टिंबांना हात लावला नाही, टेबलमधून परत काढली, आणि दुसरी प्रत त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून पेटीच्या वर ठेवून दिली.